क्रियापद शेवटी

केंब्रिज, जानेवारी १९८३. चार वाजले नाहीत तोच बाहेर अंधारून आलंय. तुम्ही टीव्हीसमोर गालिच्यावर बसला आहात आणि मांडीवर आहे पांढऱ्या प्लास्टिकचा हलकासा डबा, ज्युपिटर एस कॉम्प्युटर. किंमत ८९.९५ पौंड. कळा रबरी आहेत, खोडरबर दाबल्यासारख्या दबतात.

आजूबाजूच्या घरांतले कॉम्प्युटर चालू केले की समोर बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा येते. दुसरी भाषा हवी असेल तर ती कॅसेटवरून भरायची, आणि तुटपुंज्या मेमरीतली जागा तिला द्यायची. रिचर्ड आल्टवॉसर आणि स्टीव्हन व्हिकर्स या दोघांनी नुकताच सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम घडवलाय. त्याची बेसिक व्हिकर्सच्याच हातची. तरी एस हे स्वतःचं यंत्र काढताना त्यांनी बेसिकला फाटा दिला आणि ८ किलोबाइटच्या रॉममध्ये फोर्थ बसवली. ही चार्ल्स मूर यांची भाषा, किट पीक वेधशाळेत दुर्बीण चालवलेली. याच वर्षी त्यांची कंपनी बुडणार आहे. तरीही मला हे धाडस फार मोलाचं वाटतं.

आता टाइप करा: २ ३ + आणि मग एक टिंब. एंटर. पडद्यावर ५ येतो, शेजारी 'ओके'.

शेजारचा इंग्रज मुलगा इथे अडखळतो. बेरजेचं चिन्ह मधे हवं, असं त्याला शाळेत शिकवलंय. तुम्ही मात्र मनात वाचता: दोन, तीन, मिळव, दाखव. आपण असंच तर बोलतो, आधी वस्तू आणि शेवटी क्रियापद. आकडे भाकऱ्यांच्या चवडीसारखे एकावर एक पडतात, आणि प्रत्येक क्रिया वरच्या भाकऱ्या उचलते. चवड रिकामी असताना मागितलंत तर 'एरर २'.

आता खरी गंमत. विसर्गासारखं चिन्ह टाका, पुढे रोमन अक्षरांत 'चौरस', मग 'डूप', गुणाकाराची फुली आणि अर्धविराम. 'डूप' म्हणजे वरच्या आकड्याची आणखी एक प्रत. बस्स, यंत्राला एक मराठी शब्द आला. बेसिक प्रत्येक ओळ धावताना पुन्हा पुन्हा वाचते. इथे तुमची व्याख्या एकदाच पत्त्यांच्या यादीत बदलून ठेवली जाते, म्हणून फोर्थ कितीतरी वेगाने पळते.

७ चौरस, टिंब: ४९. १८१ चौरस: ३२७६१. आता १८२ द्या. उत्तर येतं, उणे ३२४१२! घाबरू नका. आकड्याला सोळाच बिटं आहेत आणि ३२७६७ ची वेस ओलांडली की मोजणी उण्याच्या टोकाकडून पुन्हा सुरू होते. तीस सेकंदांत तुम्ही यंत्राच्या हाडांपर्यंत पोहोचलात. बेसिकने हे तुमच्यापासून झाकून ठेवलं असतं.

एकूण रॅम ३ किलोबाइट. त्यातली दोन पडदा आणि अक्षरांचे ठिपके सांभाळण्यात जातात. उरलेल्या एकात तुमचा शब्द राहतो, आणि प्लग निघाला की तोही गेला. म्हणून कॅसेटवर 'सेव्ह' करून ठेवा.

निघण्याआधी 'व्हीलिस्ट' लिहा. यंत्राला येणारे सगळे शब्द पडद्यावर उतरू लागतात, नवा सगळ्यात आधी: चौरस, फोर्थ, यूफ्लोट, इंट...