तीव्र व्यायाम आणि हृदयविकाराचा धोका

तीव्र व्यायाम करताना किंवा तो संपल्यावर लगेच हृदयविकाराचा झटका येण्याचा, अथवा हृदयक्रिया अकस्मात बंद पडण्याचा धोका काही व्यक्तींमध्ये संभवतो. झटक्यात रोहिणी अडून हृदयस्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. हृदयक्रिया बंद पडते तेव्हा हृदयाची विद्युत्‌-लय बिघडून रक्ताभिसरणच थांबते. या दोन घटना भिन्न असल्या, तरी वृत्तपत्रांतून त्या सर्रास एकच समजल्या जातात.

कारणे

पस्तिशीच्या पुढे हृदयरोहिण्यांत साचलेला मेद हे मुख्य कारण असते. श्रमाच्या वेळी नाडी व रक्तदाब वाढून मेदाचा थर फाटतो आणि तेथे गुठळी धरते. तरुणांमध्ये हृदयस्नायूची आनुवंशिक जाडी, रोहिणीचा जन्मजात सदोष उगम किंवा विषाणुसंसर्गानंतरचा हृदयस्नायुदाह आढळतो. म्हणून तापात धावणे वर्ज्य मानतात. धावता धावता एकदम थांबल्यास रक्त पायांत साचून रक्तदाब उतरतो.

धोक्याचे प्रमाण

अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख स्पर्धकांपैकी ५९ जणांची हृदयक्रिया बंद पडली. त्यांपैकी ४२ दगावले. हे प्रमाण अत्यल्प आहे. नियमित व्यायाम करणाऱ्यास श्रमाच्या क्षणी असणारा धोका बैठ्या माणसापेक्षा पुष्कळच कमी असतो. खरा धोका सवय नसताना केलेल्या अचानक श्रमाचा. पालघर किनाऱ्यावरील मुरबे, सातपाटी येथे रोज जाळी ओढणारा मच्छीमार आणि वर्षभर खुर्चीत बसून एके दिवशी शर्यतीत उतरणारा नोकरदार यांना एकाच मापाने मोजता येत नाही. अर्थात, सवय असली म्हणजे रोहिण्या निर्दोष असतीलच असे नव्हे.

महाराष्ट्रातील घटना

ऑक्टोबर २००९ मध्ये एका संगणकप्रणाली कंपनीचे भारतातील प्रमुख रंजन दास यांचे मुंबईत व्यायामानंतर वयाच्या ४२ व्या वर्षी निधन झाले. ते स्वतः मॅरेथॉन धावत असत. जून २०१४ मध्ये मुंबई पोलीस भरतीतील ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीदरम्यान काही तरुण उमेदवार मृत्युमुखी पडले. त्यात उकाडा व दमट हवा यांचाही विचार करावा लागतो, कारण उष्माघात आणि हृदयविकार यांची सीमारेषा अशा वेळी पुसट होते. नोकरीची आशा पणाला लागलेला उमेदवार अस्वस्थ वाटले तरी थांबत नाही, ही बाब वैद्यकीय चर्चेत सहसा येत नाही. १९ जानेवारी २०२० च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये ६४ वर्षांच्या एका स्पर्धकाचा मृत्यू झाला.

लक्षणे व प्रथमोपचार

छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अकारण धाप, भोवळ ही लक्षणे दिसताच व्यायाम थांबवावा. ती पित्तावर ढकलून सोडा पिण्याची आपल्याकडची रीत घातक आहे. व्यक्ती बेशुद्ध असून श्वास थांबला असल्यास १०८ क्रमांकावर कळवून छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यावा. विद्युत्‌-धक्का देणारे यंत्र मिळण्यास जितकी मिनिटे उशीर होतो, तितकी जगण्याची शक्यता दर मिनिटास सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते.