सायकलमार्ग : शहरांचे निकष आणि श्रीवर्धन

स्वतंत्र सायकलमार्ग केव्हा बांधावा, याचा निकष ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ने १९६२ मध्ये घालून दिला. तासाला १०० ते २०० मोटारवाहने असलेल्या रस्त्यावर गर्दीच्या वेळी किमान ४०० सायकली असाव्यात. वाहने २०० हून अधिक असल्यास १०० सायकलीही पुरेशा. या मार्गदर्शिकेची सुधारित आवृत्ती २०१५ मध्ये निघाली. मात्र सायकली मोजून मार्ग ठरविण्याच्या या पद्धतीत मूळचीच एक उणीव आहे. रस्ता धोक्याचा झाला की पालक मुलांना सायकल देत नाहीत आणि मोजणीत सायकली आणखी घटतात.

रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धनसारखे छोटे गाव अशा निकषात बसणे कठीणच. पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्या या गावातून सुट्ट्यांच्या काळात हरिहरेश्वर आणि दिवेआगरकडे पर्यटकांच्या मोटारींची रीघ लागते. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधले रस्ते अरुंद असतात. तेथे दोन मीटरचा वेगळा मार्ग काढायचा कोठून?

अशा ठिकाणी नेदरलँड्समध्ये रूढ झालेला विचार अधिक उपयोगी ठरतो. वाहनांचा वेग जास्त तेथे सायकल वेगळी काढावी. वेगळी काढणे शक्य नसेल तेथे वेगच ताशी ३० किलोमीटरपर्यंत उतरवावा. केवळ फलक लावून हे साधत नाही. वेशीपाशी रस्ता आकुंचित करणे, शाळेसमोर उंचवट्याचे पादचारी मार्ग बांधणे आणि आतल्या आळ्या एकमेकींना जोडून मुख्य रस्त्याला पर्याय देणे, असे हे नियोजन असते. गावाबाहेर, विशेषतः वळणांवर आणि चढांवर, डांबरी बाजूपट्टी हवी. चढावर सायकल डुलते, त्यामुळे तेथे पट्टी अधिक रुंद लागते.

पुण्याने डिसेंबर २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याआधी तेथे बांधलेले मार्ग चौकाशी तुटत आणि उभ्या वाहनांनी व्यापले जात. जाळे तुटले की उरलेले तुकडे कितीही चांगले असोत, निरुपयोगी ठरतात.

रेवस-रेडी सागरी महामार्गाच्या आराखड्यात आगरदांडा-दिघी आणि बागमांडला-बाणकोट येथील खाडीपुलांचा समावेश आहे. फेरीबोटीवर एका वेळी मोजक्याच मोटारी मावतात. पुलाला ती मर्यादा नाही. जोडरस्त्यांची रुंदी आराखड्यातच ठरते. नंतर बाजूपट्टी काढायची, तर वाड्यांचे गडगे हलवावे लागतात.