जळू : धरण्याचे आणि सोडण्याचे अर्थ

बृहदारण्यकोपनिषदाच्या चौथ्या अध्यायातील तृणजलायुकेचा दृष्टान्त एम. ए.च्या वर्गात शिकवताना एक उत्तर हमखास मिळते : जळू म्हणजे देहाला चिकटून त्याचे रक्त पिणारी आसक्ती. नीतिबोध म्हणून हे उत्तर निर्दोष आहे. पण ते उपनिषदाचे नाही, आजच्या मराठीचे आहे. त्या दृष्टान्तात रक्त नाही, दंश नाही, शोषणही नाही. गवताच्या पात्याच्या टोकाशी पोचलेली जळू पुढचा आधार धरते आणि मग आपले अंग आवरून घेते. आत्म्याचे एका देहातून दुसऱ्या देहात जाणे तसे आहे, एवढेच तेथे अभिप्रेत आहे. येथे उपमान हा प्राणी नसून त्याची चाल आहे. म्हणूनच मॅक्स म्यूलर यांनी १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी भाषांतरात जळूच्या जागी सुरवंट घातला, तरी दृष्टान्ताला बाध आला नाही. रक्तपान हा त्याचा गाभा असता तर अशी अदलाबदल शक्यच नव्हती.

विद्यार्थ्याची चूक वैयक्तिक नाही. या शब्दाच्या अर्थकक्षेतून काहीतरी गळून पडले आहे, त्याची ती खूण आहे. काय गळाले, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

उपनिषदातील जळू मागचे सोडते, पण पुढचे धरल्यावाचून सोडत नाही. बद्ध जीवाची स्थिती हीच. याच ब्राह्मणात पुढे निष्काम पुरुषाचा विचार येतो, तेव्हा दृष्टान्तही बदलतो : वारुळावर टाकून दिलेली सापाची कात येते. जळूकडून कातेकडे जाणे म्हणजे धरून सोडण्याकडून केवळ सोडण्याकडे जाणे होय. आसक्तीचे प्रतीक म्हणून जळू वाचणाऱ्याला हा क्रम दिसत नाही.

वैद्यकातील जळू वेगळी आहे. पण तिचाही अर्थ सोडण्याशी बांधलेला आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील तेरावा अध्याय जळवांच्या उपयोगाला वाहिलेला आहे. त्यात बारा प्रकार सांगितले आहेत, सहा सविष आणि सहा निर्विष. पाणी हेच जिचे आयुष्य किंवा पाणी हेच जिचे घर, अशी नावाची फोडही तेथे आहे. ही निरुक्ती झाली, ऐतिहासिक व्युत्पत्ती नव्हे. फारसीत जळूला ‘झालू’ म्हणतात, हे साम्य नजरेआड करता येत नाही. बालक, वृद्ध, भित्रे आणि सुकुमार यांच्यासाठी रक्तमोक्षणाचा हा सर्वांत सौम्य उपाय मानला होता. दंशाच्या जागी टोचणी वा कंड सुरू झाली, की जळू शुद्ध रक्त पिऊ लागली असे समजून तिला काढावे. न सुटल्यास सैंधव टाकावे. वाग्भटाने तर दूध आणि पाणी निवडणाऱ्या हंसाशी तिची तुलना केली, कारण ती दूषित रक्त आधी घेते. तिला रक्तमद होऊ नये म्हणून सात दिवस पुन्हा लावू नये, अशी काळजीही त्याने घेतली आहे. ‘रक्तमोक्षण’ आणि ‘मोक्ष’ या दोहोंत ‘मुच्’ हाच धातू आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे वैद्याची जळू आणि तत्त्वज्ञाची जळू एकमेकींपासून फार दूर नाहीत हे कळते.

मग निंदेचा भार मराठीत कोणी वाहिला? ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२) नवव्या अध्यायात तो गोचिडाने वाहिला आहे. सडाच्या त्वचेआड दूध असते. गोचीड ते सोडून ‘अशुद्ध’ सेवतो. जुन्या मराठीत ‘अशुद्ध’ म्हणजे रक्त. अशुद्धाची निवड दोघेही करतात. वाग्भटाच्या जळूला त्यासाठी हंसाची पदवी मिळते, ज्ञानेश्वरांच्या गोचिडाला मिळतो तो करंटेपणा. कृती सारखी आणि मूल्य विरुद्ध. फरक संदर्भव्यूहाचा आहे.

रोमन कवी होरेसच्या काव्यशास्त्रविषयक पद्यपत्राचा शेवटचा शब्दच ‘जळू’ हा आहे. श्रोत्याला पकडून कविता ऐकवत सुटणारा कवी हे तिथले उपमेय. ही जळू निंद्य खरी, पण तीही पोट भरल्यावर कातडी सोडते. आजच्या मराठीतील जळूला तेवढीही सवलत नाही. सावकार, दलाल, नको असलेला पाहुणा यांना आपण ‘जळू’ म्हणतो तेव्हा ती कधीच न सुटणारी असते.

हा बदल समजून घेताना ‘शोषण’ हा शब्द साह्यकारी ठरतो. ‘शुष्’ म्हणजे सुकणे. कामदेवाच्या पाच बाणांत ‘शोषण’ हा एक बाण आहे. विरहाने देह सुकवणारा हा शब्द आधुनिक काळात आर्थिक पिळवणुकीचा वाचक झाला आणि जळू त्याची सहज प्रतिमा बनली. दुसरीकडे उपचार मागे पडत गेला. ‘जळवा लावणे’ हा वाक्प्रयोग उरला, पण तिला मीठ टाकून सोडवणारा हात दिसेनासा झाला. इंग्रजीतही असेच घडले. जुन्या इंग्रजीत जळूचे नाव आणि वैद्याचे नाव हे दोन निराळे शब्द होते. पुढे ते एकरूप झाले आणि अखेरीस वैद्य लुप्त होऊन जळू तेवढी राहिली. फ्रान्सने १८३३ या एका वर्षात चार कोटींहून अधिक जळवा आयात केल्या होत्या, हे आज सांगावे लागते. २००४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सूक्ष्मशल्यचिकित्सेसाठी जळवांना पुन्हा मान्यता दिली, तरी रूपक मात्र परतलेले नाही.

मृत रूपकांची चर्चा आपण पुष्कळ करतो. येथे रूपक जिवंत आहे, त्यामागचा व्यवहार गेलेला आहे. अशा रूपकाचा आवेश वाढतो आणि अंतर्गत भेद पुसले जातात. दलित आणि ग्रामीण साहित्यातील पिळवणुकीच्या प्रतिमा वाचताना हा आवेश न्याय्यच आहे. त्या अनुभवात सोडणारे कोणी नव्हते. मात्र तोच अर्थ मागे नेऊन उपनिषदावर वा सुश्रुतावर लादला, तर त्या ग्रंथांना जे म्हणायचे होते ते आपल्या हाती लागत नाही. म्हणून वर्गात मी आता दृष्टान्ताचा अर्थ विचारण्याआधी एवढेच विचारतो : ही जळू काय धरते, आणि केव्हा सोडते?