वेळासचा किनारा आणि आमची सहल

तळवड्यांतील आमचीं पुष्कळ कुटुंबें कारखान्यांतील पाळ्यांच्या शिस्तींत दिवस कंठीत असतात. सुटी मिळतांच मुलांबाळांसह घाट उतरून समुद्र पाहावा अशी इच्छा त्यांना व्हावी, यांत नवल नाहीं. परंतु ज्या वाळूवर आपण विसाव्यासाठीं जातों, ती दुसऱ्या एखाद्या जीवाची बाळंतिणीची खोली असूं शकते, हें थोड्यांच्याच ध्यानीं येतें. म्हणून वेळास गांवची हकीकत येथें सांगणें आम्हांस उचित वाटतें.

वेळास हें रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यांत, बाणकोटच्या किल्ल्याजवळ आहे. नाना फडणविसांचें मूळ गांव म्हणून त्याची ख्याती जुनीच. इ. स. २००२ सालीं चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेचे श्री. भाऊ काटदरे व त्यांचे सहकारी समुद्रगरुडांची पाहणी करीत तेथें आले असतां त्यांना कासवाच्या अंड्यांचीं टरफलें दिसलीं. चौकशीअंतीं कळलें कीं, ऑलिव्ह रिडले जातीचीं कासवें तेथें येतात, पण त्यांचीं अंडीं माणसें उकरून नेतात.

मादी थंडीच्या दिवसांत रात्रीं किनाऱ्यावर चढते, मागच्या पायांनीं खड्डा करून शंभराच्या आसपास अंडीं घालते, तो बुजविते आणि समुद्रांत परत जाते. पुढें सुमारें ५० दिवस वाळूची ऊब हीच त्यांची आई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें कवच त्यांस आहे खरें. पण निर्जन किनाऱ्यावर रात्रीं कायदा जागत बसत नाहीं, माणसास बसावें लागतें.

तें काम वेळासकरांनीं अंगावर घेतलें. पहाटे किनारा धुंडाळून अंडीं हळुवार उचलावीं, कुंपणांत तितक्याच खोल खड्ड्यांत पुरावीं, आणि पिल्लें निघालीं कीं समुद्राच्या वाटेस लावावीं, हा क्रम सुरू झाला. २००६ पासून कासव महोत्सव भरूं लागला. पाहुणे गांवांतील घरींच उतरतात व घरचें जेवण जेवतात. अशा रीतीनें अंड्यापेक्षां जिवंत पिल्लूं गांवास अधिक मोलाचें झालें. जानेवारी २०२२ मध्यें ह्याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाद्वारें माग देणारें यंत्र बसविण्यांत आलें. तिचें नांव 'प्रथमा' ठेविलें गेलें.

आतां भय आहे तें आपल्यासारख्या हौशी पाहुण्यांचें. पिल्लूं क्षितिजावरील उजेडाकडे चालतें. आमच्या विजेऱ्यांनीं तें वाट चुकतें. वाळूवर मोटार नेली तर खालचीं अंडीं दडपतात. टाकलेली प्लास्टिकची पिशवी समुद्रांत कासवाच्या पोटीं जाते. छायाचित्रासाठीं पिल्लूं हातीं घेण्याचा मोह तर लहानथोरांस सारखाच होतो.

तेव्हां फाल्गुन-चैत्रांत कोणी तिकडे गेल्यास दोरीच्या अलीकडे उभें राहावें, दिवे मालवावे, मुलांस गप्प राहण्यास शिकवावें. तळहाताएवढाही नसलेला तो जीव पहिल्या लाटेस भिडतांना पाहणें, ही करमणूक थोडी नव्हे. ज्या गांवानें मिळकतीची संवय मोडून राखण पत्करली, त्याच्या दारीं जातांना आपणही आपली एखादी संवय घरीं ठेवून जावें, एवढीच विनंती.