चषकांच्या यादीपलीकडे

मोटारसायकल शर्यतींचा अभ्यास म्हणजे कोण कुठे जिंकला याची यादी, असे समजून या विषयाकडे येणाऱ्यांचेही स्वागत आहे. तो समज फार काळ टिकत नाही.

स्कॉटलंडच्या स्टीव्ह हिस्लॉपची कारकीर्द घ्या. जन्म १९६२, गाव हॉइक. आयल ऑफ मॅन बेटावरील टीटी शर्यतींत ११ विजय, २००२ साली ब्रिटिश सुपरबाइक अजिंक्यपद, २००३ साली हेलिकॉप्टर अपघातात मृत्यू. नोंदीला एवढे पुरते. अभ्यासकाचे काम इथून सुरू होते.

टीटीचा मार्ग हा एरवी रहदारीचाच रस्ता. कडेला दगडी भिंती, खांब, घरे. एक फेरी सुमारे ६० किलोमीटरची, म्हणजे नागपूरहून भंडारा गाठावा तेवढी. वळणे दोनशेहून अधिक. स्वार ठरावीक अंतराने सुटतात, त्यामुळे खरी झुंज घड्याळाशी असते आणि सारा रस्ता पाठ असावा लागतो. ताशी १०० मैल सरासरीची पहिली फेरी १९५७ साली ग्लासगोच्या बॉब मॅकिंटायरने मारली. १२० मैलांची पहिली फेरी १९८९ साली हिस्लॉपने. दरम्यान इंजिन, टायर, ब्रेक सारेच बदलले. मग त्यात स्वाराचे कसब किती? हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न गावाचा. हॉइक हे लोकरी कपड्यांच्या गिरण्यांचे छोटे गाव. १९३७ साली जर्मन ग्रांप्रीत मृत्यू पावलेला स्वार जिमी गथ्रीही तिथलाच. गिरणीगावातून असे स्वार का निघावेत, हे एकेकाळी एम्प्रेस ही कापडगिरणी असलेल्या नागपुरात बसून विचारण्याजोगे आहे.

तिसरा प्रश्न जोखमीचा. १९७२ साली टीटीत स्वार जिल्बेर्तो पार्लोटीच्या मृत्यूनंतर विश्वविजेत्या जाकोमो अगोस्तिनीने टीटी सोडली. १९७६ नंतर तिचा जागतिक अजिंक्यपदाचा दर्जाही गेला. तरी स्वार येतच राहिले. त्यांना वेडे ठरवणे सोपे आहे, आणि अभ्यासाच्या दृष्टीने निरुपयोगी.

भारतात मोटोजीपी ही जागतिक अजिंक्यपदाची शर्यत २०२३ साली, बुद्ध सर्किटवर आली. प्रेक्षक वाढतील, तसे जाणकारही वाढायला हवेत. यंत्रशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र यांपैकी जे येत असेल ते घेऊन या. मात्र निकालपत्रक उघडण्याआधी रस्त्याचा नकाशा उघडा.