सिरिल बर्ट यांची नोंद: 'त्यांनी' की 'त्याने'?

मागे एका कोशासाठी सिरिल बर्ट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञावर तीनशे शब्दांची नोंद लिहायचं काम माझ्याकडे आलं. वाटलं, दोन संध्याकाळी पुरतील. महिना गेला. तुमच्यापैकी कुणाला वादग्रस्त अभ्यासकावर लिहायचं असेल, तर माझं कुठे अडलं ते उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

सुरुवात सोपी होती. जन्म 1883, लंडन. 1913 मध्ये लंडन काउंटी कौन्सिलने त्यांना शाळांसाठी मानसशास्त्रज्ञ म्हणून नेमलं. ब्रिटनमध्ये असं पद मिळालेले ते पहिले. 1925 मध्ये बालगुन्हेगारीवरचं गाजलेलं पुस्तक. 1932 मध्ये स्पिअरमन यांच्या जागी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये प्राध्यापक, 1946 मध्ये 'सर', 1971 मध्ये मृत्यू. इथवर भांडण नाही.

भांडण 0.771 या आकड्यावरून आहे. बुद्धी किती आनुवंशिक, हे तपासायला बर्ट यांनी जन्मतःच वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या समरूप जुळ्यांचे बुद्ध्यंक दिले. 1955 च्या लेखात 21 जोड्या, 1958 मध्ये तीसहून अधिक, 1966 मध्ये 53. सामूहिक चाचणीवरचा सहसंबंध गुणांक मात्र तिन्ही वेळा 0.771. ज्यांनी स्वतः एकदा तरी सहसंबंध काढलाय त्यांना हे लगेच खटकेल. नमुना दुपटीहून जास्त वाढला की तिसरा दशांश हलतोच. एकदा योगायोगाने नाही हलला, मान्य. पण एकत्र वाढलेल्या जुळ्यांचा 0.944 सुद्धा तसाच पुन्हा पुन्हा येतो.

लिऑन केमिन यांनी 1974 च्या पुस्तकात हे मांडलं. केमिन आनुवंशिकतावादाचे कडवे विरोधक, म्हणून ते बाजूला ठेवू म्हणाल, तर त्याच वर्षी आर्थर जेन्सन यांनीही बर्ट यांचे आकडे गृहीतक तपासायला निरुपयोगी ठरवले. आणि जेन्सन बर्ट यांच्याच बाजूचे! नोंद लिहिणाऱ्याला अशी जागा सापडली की तिथे पाय रोवावा. दोन्ही गोटांना मान्य असलेली गोष्ट ही: आकड्यांवर विसंबता येत नाही.

पण 'आकडे विश्वासार्ह नाहीत' आणि 'माणसाने ते रचले' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. माझ्या पहिल्या खर्ड्यात ती एकाच ओळीत होती, स्वल्पविरामाने जोडलेली.

दुसरं वाक्य छापलं गेलं 24 ऑक्टोबर 1976 ला, 'संडे टाइम्स'मध्ये. पत्रकार ऑलिव्हर गिली यांना बर्ट यांच्या सहकारी म्हणून लेखांत येणाऱ्या मार्गारेट हॉवर्ड आणि जे. कॉनवे कुठेच सापडल्या नव्हत्या. मग 1979 मध्ये लेस्ली हर्नशॉ यांचं चरित्र आलं. हे चरित्र बर्ट यांच्या बहिणीच्या सांगण्यावरून सुरू झालेलं. अंत्यविधीच्या वेळी गौरवाचं भाषणही हर्नशॉ यांनीच केलेलं. रोजनिशा वाचल्यावर त्यांना 1950 च्या दशकात जुळ्यांची नवी माहिती गोळा केल्याची खूण दिसली नाही, आणि त्यांनी बर्ट यांना दोषी ठरवलं. चाहता माणूस कागद पाहून फिरतो, हा पुरावा वजनदार वाटतो. मला अजूनही वाटतो. मात्र बर्ट यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या कागदांचा मोठा भाग जाळला गेला होता. म्हणजे 'कागदांत सापडलं नाही' याचा अर्थ लावताना थांबायला हवं. 1989 मध्ये जॉइन्सन आणि 1991 मध्ये फ्लेचर यांनी नेमकं हेच धरून बर्ट यांचा बचाव केला. हॉवर्ड नावाच्या बाई युद्धापूर्वी पाहिल्याचं सांगणारेही निघाले. ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीने 1980 मध्ये हर्नशॉ यांचा निष्कर्ष स्वीकारला होता. 1992 मध्ये तीच संस्था म्हणाली, आमची या प्रकरणी कोणतीही भूमिका नाही.

आता तोल कसा साधायचा? अर्धी नोंद आरोपांना, अर्धी बचावाला, असा तराजू मी आधी धरला होता. तो सोडला. गुणांकांच्या प्रश्नाला दोन समान बाजू नाहीत, तिथे सरळ विधान केलं. हेतूच्या प्रश्नाला आहेत, तिथे कोण, कधी, कशाच्या आधारावर म्हणालं ते नावासकट लिहिलं. 'असे मानले जाते' हे वाक्य तर सगळं खोडलं. कोण मानतं ते त्यात कधीच कळत नाही.

आणखी एक मोह होता. नंतरच्या अभ्यासांत, उदाहरणार्थ 1990 च्या मिनेसोटातल्या, वेगळ्या वाढलेल्या जुळ्यांचा गुणांक 0.7 च्या आसपासच आला. बचाव करणारे हे सांगतात. पण उत्तर बरोबर आलं म्हणून गणित केलं होतं हे सिद्ध होत नाही (शाळेत मागच्या पानावरचं उत्तर पाहून लिहिणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं).

उलट बाजूची चूकही बघा. बर्ट यांच्या बनावट जुळ्यांमुळे इंग्लंडमधल्या मुलांवर अकराव्या वर्षीची निवड परीक्षा लादली गेली, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. तारखा लावा. शिक्षण कायदा 1944 चा. वादातले लेख 1955 पासूनचे. त्याआधी 1943 च्या एका लेखात पंधरा जोड्यांचा ओझरता उल्लेख आहे, बस. शिक्षणधोरणावर बर्ट यांचा प्रभाव होता, पण तो आधीच्या दोन दशकांतल्या समित्यांपुढच्या त्यांच्या साक्षी आणि टिपणांतून आलेला. जुळ्यांच्या आकड्यांवर त्याचा भार टाकता येत नाही.

शेवटची खोच आपल्या भाषेतली. इंग्रजीत सर्वनाम एकच, त्यामुळे त्यांची सुटका होते. माझ्या खर्ड्यात 1946 पर्यंत 'बर्ट यांनी', 'ते' असं होतं. 1976 चा परिच्छेद आला आणि नकळत 'बर्टने आकडे दिले', 'त्याच्या सहकारी' झालं. मी निकाल दिला होता, तोही क्रियापदाच्या प्रत्ययात, एकही पुरावा न देता. हे मला दिसलंच नाही. मार्गदर्शक बाईंनी पेन्सिलीने सहा ठिकाणी गोल केले. सहाही जागी 'त्यांनी' केलं. नोंद तीनशे अकरा शब्दांची झाली, आणि संपादकांनी कापलेले अकरा शब्द नेमके कागद जाळल्याच्या वाक्यातले निघाले. ते परत घालून घ्यायला मला चार पत्रं लिहावी लागली.