कुत्र्याच्या काळजातला जंत

आमच्या घरी कुत्र्याला उंबऱ्याच्या आत घेत नसत. पण रात्री उरलेली भाकरी अम्मी न चुकता ओट्याखाली ठेवायची. श्रोतेहो, त्या ओट्याखालच्या सोबत्याचे माणसावर एक ऋण आहे. त्याची ही गोष्ट.

1856 साली फिलाडेल्फियाच्या जोसेफ लेडी यांनी कुत्र्याच्या हृदयातल्या जंताचे वर्णन केले. शेवयांसारखा पांढरा, मादी 30 सेंटिमीटरपर्यंत लांब. नाव दिले 'इमिटिस', म्हणजे लॅटिनमध्ये निर्दय. शास्त्रज्ञांनाही कधीकधी कवीसारखा नेमका शब्द सापडतो! हा जंत फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत आणि हृदयाच्या उजव्या बाजूला राहतो. कुत्रा खोकतो, धापा टाकतो. मालकाला वाटते, म्हातारा झाला.

पण तो अंगात शिरतो कसा? चीनच्या किनाऱ्यावर अमॉय येथे पॅट्रिक मॅन्सन हे डॉक्टर हत्तीरोगाचे रुग्ण पाहत होते. माणसाच्या रक्तातली जंतांची पिल्ले कलकत्त्यात टिमथी लुईस यांनी 1872 मध्ये पाहिली होती. मॅन्सन यांनी कुत्र्याच्या रक्तातली पिल्ले मोजली. हिशेब निघाला, एकेका कुत्र्यात 20 लाखांहून अधिक! ही सगळी तिथेच वाढली, तर जंतांचा ढीग कुत्र्याहून कितीतरी मोठा होईल. म्हणजे वाढायला त्यांना बाहेर पडलेच पाहिजे. मग बाहेर कोण नेतो? रात्री रक्त पिणारा डास! 1877 मध्ये त्यांनी आपल्या आजारी माळ्याचे रक्त डासांना पिऊ दिले आणि डासांच्या पोटात ती पिल्ले वाढताना पाहिली.

पुढे मात्र ते चुकले. डास पाण्यात मरतो, ते पाणी माणूस पितो, असे त्यांना वाटले. हा समज वीसएक वर्षे टिकला. 1900 मध्ये इटलीत ग्रासी आणि नोए यांनी दाखवले, की कुत्र्याच्या हृदयातल्या जंताची पिल्ले डासाच्या सोंडेत येतात आणि डास चावताना कुत्र्याच्या अंगात उतरतात. त्याच वर्षी लंडनमध्ये जॉर्ज लो यांना माणसाचा जंतही डासाच्या सोंडेत सापडला. पाण्यावरचा आळ गेला.

औषध मिळाले ते मातीतून. जपानचे सातोशी ओमुरा यांनी मातीतून वेगळ्या केलेल्या जिवाणूपासून अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांच्या चमूने आयव्हरमेक्टिन घडवले. ते आधी जनावरांसाठी आले. 1987 मध्ये अमेरिकेत कुत्र्यांसाठी हृदयातला जंत रोखणारी महिन्याची गोळी निघाली. त्याच वर्षी हेच औषध आफ्रिकेतल्या नदीकाठच्या अंधत्वासाठी माणसांना फुकट देण्याची घोषणा झाली. 2015 मध्ये दोघांना नोबेल मिळाले. (घरी कुत्रा असेल, तर ही गोळी मनाने देऊ नका. कोलीसारख्या काही जातींना ती जास्त मात्रेत सोसत नाही.)

हत्तीरोगाच्या उच्चाटनासाठी 2019 मध्ये नागपूर जिल्ह्यात घरोघर तीन औषधे एकत्र दिली गेली. त्यातले एक आयव्हरमेक्टिन होते.